शेजाऱ्यांचा कुत्रा चावला: इंजेक्शनचे पैसे घेऊन गप्प बसायचं की तक्रार करायची?

वसुधा_पु

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी सासरे (वय ७१, मधुमेह आहे) भाजी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमधून येत होते. बी विंगमधल्या शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड पट्ट्याशिवाय मोकळा होता. बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यात त्याने पोटरी धरली. पायजमा फाटला, दोन दात खोल गेलेत, रक्त बरंच आलं. मालक धावत आले, माफी मागितली आणि म्हणाले, "काका, त्याचं व्हॅक्सिनेशन झालेलं आहे, इंजेक्शनचा जो काय खर्च येईल तो मी देतो."

घरी आणून जखम पुसली, डेटॉल लावलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरचा कुत्रा आहे तर रेबीजची गरज नाही म्हणाले. आज सकाळपासून पाय सुजलाय. नवरा म्हणतो रोज तोंड बघायचंय, जाऊ दे. सेक्रेटरीही तेच म्हणतात. पण हाच कुत्रा दिवाळीत वॉचमनच्याही अंगावर गेला होता आणि त्याच लिफ्टमधून माझी मुलगी शाळेला जाते. पोलिसात जाता येतं का? भरपाई मिळते का? की नुसता मनस्ताप?

डॉ_खडीसाखर

वसुधाताई, कायद्याचं उद्या बघा. हे वाचलंत की आधी बाबांना बाथरूममध्ये न्या आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुवा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कपडे धुण्याचा साबण असला तरी चालेल. काल नुसती पुसली असेल तर आजही धुण्याने फायदाच आहे. मग थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. पुण्यात असाल तर ससून किंवा नायडू, मुंबईकरांसाठी कस्तुरबा.

कातडी फाटून रक्त आलं की ती तिसऱ्या श्रेणीची जखम. तिला नुसती लस पुरत नाही, सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, तोवरची राखण हे करतं. ते दंडात द्यायचं नसतं, जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं असतं. मात्रा वजनावर ठरते: घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट, मानवी असेल तर २०. त्याऐवजी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्डही मिळतं, त्याची मात्रा वेगळी. पहिल्या लसीपासून सात दिवस उलटले की ते द्यायचं नसतं, म्हणून घाई करा म्हणतोय.

लस स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. सरकारी दवाखान्यात बहुतेक कातडीत देतात, तिथे ०, ३, ७, २८. दंडात घ्या, कुल्ल्यावर कोणी द्यायला लागलं तर नको म्हणा. आणि कुत्र्याला लस दिली होती म्हणून माणसाची टाळायची नसते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तो खातापिता धडधाकट राहिला तर पुढचे डोस कमी करायचे का ते डॉक्टर ठरवतील, पण सुरुवात आजच. मधुमेह आहे आणि सूज आलीय, तेव्हा जखमेसाठी अँटिबायोटिकचंही विचारा.

पाटणकर_सातारी

डॉक्टरांशी सहमत. आमच्या गावाकडं अजून चावल्यावर चुना नाहीतर मिरची भरतात आणि मग बाबाकडं उतारा काढायला नेतात. 'पोटात चौदा इंजेक्शनं' या जुन्या भीतीनंही लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस फुकट मिळते, पण इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडं नसतं. त्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. आधी फोन करून विचारलेलं बरं, नाहीतर दिवस एसटीत जातो.

वसुधा_पु

आत्ताच परत आलो. जखमेत टोचताना बाबा जे ओरडले ते अजून कानात आहे. पण झालं एकदाचं. टाके घातले नाहीत, मोकळीच ठेवली जखम. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी "एमएलसी करायची का?" (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसी कामासाठीची नोंद) विचारलं. नवरा नको म्हणत होता, मी हो म्हटलं. बरोबर केलं ना?

ॲड_निशिगंध

अगदी बरोबर केलंत. एमएलसीच्या नोंदीत कुठे, केव्हा, कोणाचा कुत्रा आणि जखमेचं वर्णन येतं. ते त्या दिवशीचं, सरकारी डॉक्टरच्या हातचं असतं. पुढे समोरचा "कुत्रा आमचा नव्हताच" किंवा "काकांनीच काठी उगारली" म्हणायला लागला की हाच कागद उभा राहतो. केसपेपरवर 'डॉग बाइट' एवढंच लिहिलं असेल तर आज परत जाऊन 'शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा, पट्टा नव्हता' एवढे शब्द घालून घेता येतात का बघा. फाटलेला पायजमा धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम २९१: ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानातलं २८९ ते हेच, तेव्हा दंड हजार रुपये होता. सोबत कलम १२५(अ), निष्काळजीपणाने दुखापत. दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायचा असतो. दोन्ही जामीनपात्र, त्यामुळे शेजाऱ्याला कोणी तुरुंगात डांबून ठेवणार नाही. नवऱ्यांना तेवढं सांगा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दुखापत 'गंभीर' ठरली तर १२५(ब) लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. रोजचे व्यवहार करता आले नाहीत तर गंभीर, याची मुदत पूर्वी वीस दिवस होती, आता पंधरा आहे. तेव्हा बाबा किती दिवस चालू-फिरू शकत नाहीत ते डॉक्टरांकडून लेखी घेत राहा. उगाच वाढवून मात्र नको. उलटतपासणीत पहिला हल्ला तिथेच होतो.

बी_विंग_नव्हे_पण_सेक्रेटरी

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, या ताईंच्या नाही. सेक्रेटरीची बाजूही ऐका. एफआयआर झाला की दोन्ही घरं आमच्याकडेच येतात, सभेत तट पडतात, गणपतीची वर्गणी थांबते. वर्षानुवर्षं तारखा. मालक खर्च द्यायला तयार असेल तर मिटवण्यात काय वाईट आहे? सगळंच कोर्टात नेलं तर शेजार राहायचा कुठे?

ॲड_निशिगंध

मिटवायला माझा विरोध नाही, निम्मी प्रकरणं मीच मिटवते. तोंडी मिटवण्याला विरोध आहे. "खर्च देतो" म्हणजे नक्की कसला? लसीचा? इम्युनोग्लोब्युलिनचा? रिक्षाचा? बाबांना सांभाळायला सूनबाईंची रजा गेली तिचा? साधं पत्र करा. घटना, तारीख, खर्चाची यादी, कधीपर्यंत देणार, आणि पुढे कुत्रा मोकळा सोडणार नाही ही हमी. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे बँकेतून घ्या. 'यापुढे कसलीही तक्रार करणार नाही' असं वाक्य समोरच्याने घातलं तर शेवटची लस होईपर्यंत आणि कुत्र्यावरच्या दहा दिवसांच्या नजरेचा निकाल हाती येईपर्यंत त्यावर सही करू नका.

आणि सेक्रेटरीसाहेब, वसुधाताईंच्या सेक्रेटरींचं एक काम आजच्या आजच आहे. पार्किंगचं सीसीटीव्ही फुटेज. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसलं जातं. वसुधाताई, फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज सोसायटीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. कोर्टात ते वापरायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर कॅमेरा सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची अशा दोघांच्या सह्या लागतात. मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून ठेवलात तर हाताशी असू द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका.

भूभूप्रेमी

मी स्वतः दोन कुत्री पाळतो आणि या मालकाची बाजू मला घेता येत नाही. शेफर्ड पार्किंगमध्ये पट्ट्याशिवाय सोडणं हा शुद्ध माज आहे. वॉचमनच्या अंगावर गेल्यावरच त्याला शहाणपण यायला हवं होतं.

दोन गोष्टी मागून घ्या. एक, कुत्र्याचं लसीचं पुस्तक. त्यात प्रत्येक लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, बाजूला तारीख आणि पशुवैद्याची सही व शिक्का. स्टिकर नसेल, नुसती पेनाने तारीख असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. रेबीजची लस दरवर्षी लागते, गेल्या खेपेची तारीख बघा. दोन, महापालिकेचा परवाना. बहुतेकांनी काढलेलाच नसतो. आणि दहा दिवस कुत्रा याच घरात राहील हे बघा. भीतीपोटी मालक त्याला फार्महाउसवर किंवा नातेवाइकांकडे धाडतात, मग नजर कोण ठेवणार? रोज एक फोटो पाठवा म्हणावं.

सोसायटीने मात्र या निमित्ताने कुत्रा पाळायलाच बंदी वगैरे ठराव करू नये. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सार्वजनिक जागेत पट्टा लावा असा आग्रह धरता येतो, आणि तो धराच.

कडक_चहा

इतकी कायद्याची पानं उलटण्यापेक्षा पोळीत काय घालायचं ते घाला, प्रश्न मिटला. आमच्या गल्लीत तसंच केलं होतं.

ॲड_निशिगंध

@कडक_चहा, न्याय संहिता कलम ३२५, प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. कुत्र्याच्या मालकाला सहा महिने आणि तुम्हाला पाच वर्षं. जाहीर धाग्यावर लिहिलंत ते संपादित करा.

रानमांजर

:D

निशिगंध, एक शंका. असल्या केसमध्ये खरंच कोणाला शिक्षा होते? की सगळं कागदावरच?

ॲड_निशिगंध

होते, फक्त सावकाश. मुंबईत नेपियन सी रोडला २०१० मध्ये रॉटवायलर चावल्याची केस आहे. भांडण चालू असताना मालकाने गाडीचं दार उघडलं आणि आतला कुत्रा ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावला. गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. तेरा वर्षं गेली. दुसरी वरळीची. २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की शेजाऱ्याला चावला. शेजारी लहान मुलासोबत होता, थांबा म्हणत होता, तरी मालकाने कुत्रा आत ओढला. २०२५ मध्ये चार महिने सक्तमजुरी झाली.

दोन्हीकडे निकाल ठरला तो मालकाच्या वागण्यावर. कुत्रा रागीट आहे हे ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून काय केलं? म्हणून वॉचमनचा प्रसंग सोन्यासारखा आहे. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही लिहिलं होतं का ते शोधा आणि ग्रुप सोडू नका. वॉचमन एजन्सीचा असतो, उद्या बदलून जाईल, त्याचं नाव-गाव आजच पोलिसांना द्या.

मुदतीचं भान ठेवा. सहा महिने शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला एका वर्षाच्या आतच घेता येते.

बे_एरियातला_बंड्या

इकडे कॅलिफोर्नियात वेगळंच आहे. सिव्हिल कोड ३३४२ प्रमाणे कुत्रा सार्वजनिक जागी चावला की मालक भरपाईला बांधील, आधी कधी चावला होता की नाही याच्याशी देणंघेणं नाही. आणि पैसे सहसा त्याच्या घराच्या विम्यातून जातात, त्यामुळे शेजाऱ्यांत तेवढी कटुता येत नाही. भांडण दोन विमावाल्यांचं. काही कंपन्या ठरावीक जातींचे कुत्रे असतील तर विमाच देत नाहीत हा भाग निराळा. टेक्सासमधल्या मित्राकडे मात्र कुत्र्याचा स्वभाव मालकाला माहीत होता किंवा मालकाने हयगय केली हे दाखवावं लागतं.

ॲड_निशिगंध

बंड्या, आपल्याकडे असा थेट कायदा नाही. फौजदारीत कोर्ट दंडाच्या रकमेतून किंवा वेगळा आदेश देऊन भरपाई देववू शकतं. मोठी रक्कम हवी असेल तर दिवाणी दावा, निष्काळजीपणाच्या तत्त्वावर. आधी वकिलामार्फत नोटीस, पोचपावतीसह. बऱ्याचदा नोटिशीवरच मिटतं. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे फार कोणाला ठाऊक नसतं. दावा लावण्यापूर्वी लोकअदालतीतही तडजोड करून घेता येते.

आणि व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) कोणीतरी विचारलंय म्हणून: ग्राहक आयोगात जाता येणार नाही. शेजाऱ्याकडून तुम्ही काही सेवा विकत घेतलेली नाही.

ठाणेकर_राजू

थोडं अवांतर, पण भटका कुत्रा चावला तर? माझ्या भावाला स्टेशनबाहेर चावला. मालक कोणाला म्हणायचं?

ॲड_निशिगंध

मग बोट महापालिकेकडे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेने करायचं आहे. आधी महापालिकेकडे तक्रार आणि तिचा क्रमांक. त्याच जागी पूर्वी तक्रारी झाल्या होत्या का ते माहिती अधिकारात मागवा. पालिकेला माहीत होतं हे सिद्ध करायला त्याहून चांगलं काही नाही. दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत, म्हणून लवकर वकील गाठा.

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दराचाच हिशोब घालून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार, मांस निघालं असेल तर प्रत्येक ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान वीस हजार. व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच निकाल. महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही, युक्तिवादात दाखवता येतो इतकंच. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून भटकी कुत्री हलवायला आणि परत तिथेच न सोडायला सांगितलंय. स्टेशनबाहेरचं म्हणालात म्हणून लक्षात आणून दिलं.

वसुधा_पु

सगळ्यांचे आभार. काल चौकीवर गेलो. तिथल्या साहेबांनी आधी अर्धा तास समजूत घातली, मग "एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, ताई, कुत्र्यासाठी कुठे एफआयआर" असं म्हणाले. मी कलम २९१ दखलपात्र आहे म्हटल्यावर "तुम्ही वकील आहात का?" बाबा म्हणाले चल घरी. एनसी घेतली नाही, तशीच परत आले. आता?

दुसरं, शेजारी काल रात्री पंधरा हजारांचं पाकीट घेऊन आले होते. घेतलं नाही, निशिगंधनी सांगितलेलं पत्र पुढे ठेवलं. बायकोला विचारून सांगतो म्हणाले. कुत्रा गॅलरीत दिसतोय, ठणठणीत आहे.

ॲड_निशिगंध

चौकीवर वाद घालू नका, मूळ पोलीस ठाण्यात जा. तक्रार घरूनच लिहून न्या, एमएलसी क्रमांक वरती घाला आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत घ्या. तरी एफआयआर नाही झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम १७३(४) खाली तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे. तिथेही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. उपायुक्तांना पत्र गेल्याची पावती ठाण्यात दाखवली की बहुतेक वेळा काम होतं. एफआयआर झाल्यावर त्याची प्रत मोफत मिळते, झेरॉक्सचे पैसेही द्यायचे नाहीत.

पाकीट घेतलं नाहीत ते उत्तम.

टीपीएवाला

विम्यात काम करतो म्हणून लिहितो, कारण हा गोंधळ रोज बघतो. बाबांची मेडिक्लेम असेल तर: पॉलिसीत 'लसीकरण वगळले आहे' हे वाचून लोक क्लेमच करत नाहीत. पुढचे शब्द वाचा, प्राणी चावल्यानंतरचे उपचार त्याला सहसा अपवाद असतात. खरी अडचण वेगळीच. कॅज्युअल्टीत टोचून घरी आलात म्हणजे भरती नाही, आणि साध्या पॉलिसीत चोवीस तासांची भरती लागते. ओपीडी कव्हर असेल तरच मिळेल. सूज वाढून बाबांना ॲडमिट करावं लागलं तर मात्र आधीच्या लसींची बिलंही भरतीपूर्व खर्चात लावता येतात, म्हणून एकही पावती टाकू नका.

आणि एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत. शेजाऱ्यांनी जे बिल भरलं ते क्लेममध्ये लावू नका. पत्रात कोणती बिलं त्यांनी भरली त्यांचे क्रमांक लिहा, उरलेली आमच्याकडे. मेडिकल स्टोअरच्या पावतीवर बाबांचं नाव आणि लसीचा बॅच नंबर घालून घ्या. कोरी कच्ची पावती आम्ही परत पाठवतो.